सोनी बीएमजीच्या सीडींवर लोक २००५ मध्ये एवढे का भडकले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोनी बीएमजी या संगीत कंपनीने २००५ साली गाण्यांच्या सीडींवर कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यावरून अमेरिकेत गदारोळ झाला, खटले झाले, लाखो सीडी परत मागवाव्या लागल्या. पण आपला माल चोरीपासून वाचवायचा कंपनीला हक्क नव्हता का? आज प्रत्येक स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, असतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, मग तेव्हाच एवढं काय बिघडलं? शिवाय घरात त्या काळातल्या परदेशातून आणलेल्या काही सीडी आहेत, त्या आता कॉम्प्युटरला लावाव्यात का, हेही तुम्ही विचारलंय.

माझी बरीच वर्षं विंडोजचे ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे, विंडोजच्या आत खोलवर बसणारे प्रोग्रॅम) आणि त्यांनी घातलेले घोळ निस्तरण्यात गेली आहेत. त्यामुळे या प्रकरणाकडे मी आधी मशिनच्या बाजूने बघतो, कायद्याच्या बाजूने नंतर.

हक्क होता, याबद्दल वाद नाही. भांडण हक्काचं नव्हतंच. कॉपीवरची बंधनं लोकांनी त्याआधी काही वर्षं कुरकुरत का होईना सोसली होती. भडका उडाला तो कंपनीने गिऱ्हाइकाच्या मशिनमध्ये लपून ठाण मांडलं म्हणून. आणि माझं ठाम मत आहे की हा काही एखाद्या बेफिकीर कंत्राटदाराचा तोल सुटला असा प्रकार नव्हता. ऑडिओ सीडीला कुलूप घालायचंच असा हट्ट धरला की वाट फिरून फिरून इथेच येते. ती कशी येते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ऑडिओ सीडीचा नमुना, ज्याला रेड बुक म्हणतात, तो १९८० सालचा. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल, आणि सगळं उघडं. कुठेही एन्क्रिप्शन नाही. घरोघरी कॉम्प्युटर येतील, त्यात सीडी वाचणारा ड्राइव्ह असेल आणि कोणीही पाच मिनिटांत अख्खा अल्बम उतरवून घेईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे एन्क्रिप्शन घालायचं म्हटलं तर जगभरच्या घरांत आणि गाड्यांत बसलेले कोट्यवधी प्लेअर त्या नव्या सीडी वाजवणार कसे? म्हणजे गाणी उघडीच ठेवायची, पण कॉम्प्युटरला मात्र ती घेऊ द्यायची नाहीत. असा हा मुळातच उफराटा उद्योग.

पहिला प्रयत्न झाला तो सीडीच मुद्दाम थोडी बिघडवण्याचा. कॅक्टस डेटा शील्ड, की-टू-ऑडिओ ही २००१-०२ मधली नावं. सीडीवरच्या अनुक्रमणिकेत चुकीच्या नोंदी घालायच्या किंवा शेवटी एक बोगस डेटा ट्रॅक जोडायचा. साधा प्लेअर तिकडे बघत नाही, कॉम्प्युटरचा ड्राइव्ह बघतो आणि गोंधळतो. फक्त काही गाड्यांमधले प्लेअरही गोंधळायचे. ब्रिटनमध्ये नॅटली इम्ब्रुलियाच्या २००१ च्या अल्बमच्या सीडी तक्रारींमुळे बदलून द्याव्या लागल्या. सेलीन डिऑनचा २००२ चा अल्बम युरोपात अशा कुलपासह आला, तर अ‍ॅपलच्या आयमॅकमध्ये सीडी अडकून बसू लागली, बाहेरच येईना. आणि त्या कुलपाची किल्ली निघाली स्केचपेन! बोगस ट्रॅक जिथे सुरू होतो त्या कडेला शाईची रेघ ओढली की ड्राइव्हला तो भाग दिसत नाही आणि गाणी मुकाट उतरतात. सीडीच्या जनकांपैकी एक असलेल्या फिलिप्सने तर बजावलं की या चकत्या नमुन्याला धरून नाहीत, त्यांवर कॉम्पॅक्ट डिस्कचा लोगो छापू नका.

ज्याला फुकट उतरवायचं होतं त्याचं या सगळ्यात काहीच अडलं नाही. जगात एकाने कुलूप काढलं की बाकीच्यांना नेटवर फाइल मिळते. अडलं ते दुकानात जाऊन पंधरा डॉलर मोजणाऱ्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग दुसरी वाट. सीडीवर दोन सत्रं ठेवायची: पहिल्यात साधी गाणी, दुसऱ्यात विंडोजसाठी एक प्रोग्रॅम. सीडी घातली की विंडोजचं ऑटोरन तो प्रोग्रॅम आपोआप चालवतं, तो प्रोग्रॅम ड्राइव्हवर पहारा बसवतो आणि इतर सॉफ्टवेअरने गाणी वाचायला घेतली की मध्ये कचरा मिसळतो. अमेरिकेतल्या सनकॉम कंपनीचं मीडियामॅक्स हे त्यातलं एक. २००३ च्या ऑक्टोबरात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने लिहून टाकलं की सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की ऑटोरन होत नाही आणि कुलूप लागतच नाही. सनकॉमने त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावण्याची धमकी दिली. कळ दाबायला सांगितल्याबद्दल एक कोटी! दुसऱ्याच दिवशी चहूकडून हसं झाल्यावर धमकी मागे घेतली.

आता तुम्ही क्षणभर त्या कुलूप बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसा. तुमचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला हवासा वाटेल असं त्यात काही नाही, त्याचं काम एकच, नको म्हणणं. म्हणजे विचारून बसवायला गेलात तर कोणी बसवणार नाही. बसलाच तर पहिल्या संधीला काढून टाकतील. तेव्हा तो न विचारता, निदान नीट न विचारता, शिरला पाहिजे. शिरल्यावर सतत जागा राहिला पाहिजे. सापडता कामा नये. आणि सापडला तरी निघता कामा नये. ही यादी घेऊन कुठल्याही व्हायरस पकडणाऱ्याकडे जा, तो सांगेल की हे स्पायवेअरचं, म्हणजे हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमचं, वर्णन आहे. हाल्डरमन आणि त्याचे प्राध्यापक एड फेल्टन यांनी २००६ मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध वाचला, त्यातही साधारण हाच निष्कर्ष आहे. मला तो अक्षरशः पटतो. सोनी बीएमजीने ही यादी शेवटच्या ओळीपर्यंत अमलात आणली, इतकंच.

त्या सॉफ्टवेअरचं नाव एक्ससीपी. बनवणारी कंपनी ब्रिटनमधली फर्स्ट फोर इंटरनेट. ते कसं सापडलं ही गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगितली जाते. मार्क रुसिनोविच हा विंडोजच्या पोटात काय चालतं याचा जाणकार, सिसइंटर्नल्सची साधनं त्याचीच. रूटकिट, म्हणजे मशिनमध्ये स्वतःला लपवून बसणारं सॉफ्टवेअर, शोधणारं आपलं नवं साधन तो स्वतःच्या मशिनवर तपासत होता, तर त्याच्याच मशिनवर लपवलेला फोल्डर, लपवलेले ड्रायव्हर आणि लपवलेला प्रोग्रॅम निघाला. माग काढत तो पोचला व्हॅन झँट बंधूंच्या एका सीडीपर्यंत, जी त्याने रीतसर अ‍ॅमेझॉनवरून विकत घेतली होती. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने सगळी उकल पायरीपायरीने लिहून प्रसिद्ध केली.

लपवणं चालायचं कसं ते बघा. विंडोजमध्ये कोणत्याही प्रोग्रॅमला फोल्डरमधल्या फायलींची यादी हवी असेल तर तो कर्नलकडे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याकडे, मागतो. कर्नलमध्ये एक तक्ता असतो, कुठली मागणी आली की कुठलं काम चालवायचं याचा. एक्ससीपीच्या एरीज नावाच्या ड्रायव्हरने या तक्त्यातल्या काही पत्त्यांवर स्वतःचा पत्ता चिकटवला. आता यादी मागितली की आधी मागणी एरीजकडे जाते, तो खऱ्या कर्नलकडून यादी आणतो, आणि ज्या नावाची सुरुवात ‘$सिस$’ अशी आहे ते नाव गाळून उरलेली यादी तुमच्या हातात ठेवतो. तलाठ्याच्या खिडकीत भलताच माणूस येऊन बसावा आणि स्वतःच्या नावाची ओळ झाकून तुम्हाला सातबारा द्यावा, तसं. एक्सप्लोररला दिसत नाही, टास्क मॅनेजरला दिसत नाही, रजिस्ट्री (विंडोजची सगळी सेटिंग्ज ठेवणारी नोंदवही) उघडली तर तिथेही नाही. बहुतेक अँटीव्हायरसही याच खिडकीवर रांगेत उभे असतात, त्यांनाही नाही.

यात भयंकर गोष्ट अशी की ओळ कोणाची आहे याच्याशी एरीजला घेणंदेणं नव्हतं. रुसिनोविचने नोटपॅडची एक प्रत काढून तिच्या नावापुढे ते ‘$सिस$’ जोडलं, आणि नोटपॅड डोळ्यांदेखत गडप झालं. म्हणजे ही सीडी एकदा लावलेल्या कोणत्याही मशिनवर कोणालाही, कसलीही फाइल लपवायची सोय फुकट तयार. ती वापरणारे पहिले उत्साही कोण निघाले? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात लबाडी करणारे! खेळाच्या कंपनीचा वॉर्डन नावाचा पहारेकरी मशिन तपासायचा, यांनी आपल्या लबाडीच्या प्रोग्रॅमला तो उपसर्ग जोडला की वॉर्डन आंधळा. एका कंपनीचं कुलूप दुसऱ्या कंपनीचं कुलूप फोडायला वापरलं गेलं. १० नोव्हेंबरला खरे ट्रोजन, म्हणजे वेश पालटून शिरणारे घातक प्रोग्रॅम, आले, ईमेलने पसरणारे, त्याच पडद्यामागे दडणारे.

बाकीचा तपशीलही वाचण्यासारखा आहे. पहारा देणाऱ्या सर्व्हिसचं नाव ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’ असं ठेवलं होतं, म्हणजे चुकून दिसलीच तर विंडोजचीच वाटावी. ती दर दोन सेकंदांनी चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम चाचपायची, गाणं वाजत असो वा नसो, आणि प्रोसेसरचा एक-दोन टक्के वेळ कायमचा खायची. ड्रायव्हर सेफ मोडमध्येही चढतील अशी व्यवस्था होती. सेफ मोड हा मशिन दुरुस्त करणाऱ्याचा शेवटचा आसरा. तिथेही बिऱ्हाड केलेलं पाहून माझ्यासारख्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि काढायला गेलात तर? रुसिनोविचने फायली पुसल्या, सर्व्हिस बंद केली, मशिन पुन्हा चालू केलं, तर सीडी ड्राइव्हच गायब. हा बिघाड मी वेगवेगळ्या कारणांनी इतक्यांदा पाहिलाय की वाचताक्षणी कळलं. विंडोजमध्ये उपकरणाच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीत अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स अशा ओळी असतात. उपकरण आणि विंडोज यांच्या मध्ये कोणकोणते ड्रायव्हर बसवायचे याची ती यादी. एक्ससीपीने त्यात आपली नावं घुसवली होती. फाइल पुसली आणि नाव राहिलं, की विंडोज नसलेला ड्रायव्हर शोधतं, तो मिळत नाही, आणि मग ते उपकरणच उभं करत नाही. माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. बिघाड ड्राइव्हचा नाही हे कळायला रजिस्ट्री उघडावी लागते, आणि इथे ती नोंद साध्या अ‍ॅडमिनलाही पुसता येईना. रुसिनोविचला रजिस्ट्री एडिटर सिस्टिम खात्याच्या अधिकाराने चालवावा लागला. हे घरगुती माणसाने कसं करावं? तो बिचारा मशिन दुकानात नेणार, दुकानदार फॉरमॅट मारणार, आणि त्याबरोबर घरातले फोटो जाणार.

करारात यातलं काही लिहिलं होतं का? सीडी घातल्यावर येणाऱ्या करारात एक छोटा प्रोग्रॅम बसेल एवढं होतं, लपवण्याचा उल्लेख नव्हता, काढून टाकायची सोय नव्हती. बाकी मात्र बरंच होतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने तो करार बारकाईने वाचून दाखवला: सीडी चोरीला गेली तर कॉम्प्युटरवरची गाणी पुसायची, देश सोडून गेलात तर पुसायची, दिवाळं निघालं तरी पुसायची, आणि काहीही नुकसान झालं तरी कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त पाच डॉलर.

इथवरही कदाचित प्रकरण निभावलं असतं. चूक झाली, काढून टाकतो, माफ करा, असं पहिल्या आठवड्यात म्हटलं असतं तर महिनाभरात लोक विसरले असते. पण ४ नोव्हेंबरला कंपनीच्या डिजिटल व्यवसायाचे अध्यक्ष थॉमस हेसी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर म्हणाले की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? रुसिनोविचचा लेख तंत्रज्ञांपुरता होता. हे वाक्य घराघरात गेलं.

त्यानंतर आलं ते काढून टाकण्याचं सॉफ्टवेअर, आणि इथे माझ्या मते कंपनीने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. ते सरळ डाउनलोड करता येत नव्हतं. आधी वेबसाइटवर अर्ज भरा, सीडी कोणती, घेतली कुठे, ईमेल काय. मग ईमेल येणार, त्यातल्या पानावर एक अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल (ब्राउझरमध्ये बसणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा. मग दुसरा अर्ज. मग आणखी एक ईमेल, त्यातला दुवा फक्त त्याच मशिनवर चालणार आणि तोही ठरावीक मुदतीत. एवढा द्राविडी प्राणायाम करून जो कोणी पार पडला त्याच्या मशिनवर तो अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल मागे राहिला. १५ नोव्हेंबरला हाल्डरमन आणि फेल्टन यांनी दाखवलं की कुठलंही वेबपान त्या कंट्रोलला हुकूम देऊन हवा तो प्रोग्रॅम उतरवून चालवू शकतं. मूळ रूटकिटला निदान आधी दुसरा कोणीतरी आत शिरावा लागायचा. या ‘उपायाने’ तर दारच सताड उघडं टाकलं. आगीतून फुफाट्यात. फक्त पडदा काढणारा जो आधीचा पॅच दिला होता, तोही चालत्या कर्नलमधून ड्रायव्हर ओढून काढायचा, आणि नेमक्या वेळी कोणी त्या रस्त्यात असेल तर मशिन निळ्या पडद्यावर जायची शक्यता होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीने हात टेकले. ११ तारखेला उत्पादन थांबवलं, मग सीडी परत मागवल्या. ५२ अल्बम, तयार झालेल्या सीडी सुमारे ४७ लाख, त्यातल्या २१ लाखांच्या आसपास विकल्या गेलेल्या. हा काळ लक्षात घ्या: नाताळच्या खरेदीचा हंगाम तोंडावर आणि दुकानातून माल उचलायचा. किती मशिनना लागण झाली याचा माग डॅन कामिन्स्की या सुरक्षातज्ज्ञाने फार हुशारीने काढला. ते सॉफ्टवेअर घरी फोन करायचं, म्हणजे ठरावीक सर्व्हरशी बोलायचं. त्या सर्व्हरची नावं नावावरून पत्ता सांगणाऱ्या जगभरच्या डीएनएस सर्व्हरांच्या तात्पुरत्या स्मृतीत आहेत का, हे त्याने विचारून पाहिलं. ५,६८,२०० डीएनएस सर्व्हरांनी होय म्हटलं. प्रत्येकामागे मशिन किती, ते वेगळंच.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात कमी बोलली गेलेली बाजू अँटीव्हायरस कंपन्यांची आहे. या सीडी रुसिनोविचच्या लेखाआधी कित्येक महिने विकल्या जात होत्या. लोक दरवर्षी पैसे भरून ज्यांना पहाऱ्यावर ठेवतात त्यांना लाखो मशिनवर पसरलेलं रूटकिट दिसलं नाही? फिनलंडच्या एफ-सिक्युअरला सापडलं होतं, त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीला कळवलंही, पण जाहीर केलं नाही. बाकीच्या बड्या नावांनी गदारोळ झाल्यावरही आधी फक्त पडदा हटवला, मूळ सॉफ्टवेअरला हात लावायला ते कचरत होते. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायरने तेव्हाच विचारलं होतं की मालवेअर बनवणारा जेव्हा मोठी कंपनी असतो तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने असता. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. कायद्याचीही भीती होती हे खरं. कुलूप फोडण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्यामुळे प्रिन्स्टनच्या त्या जोडीने स्वतःचा शोध वकिलांशी सल्लामसलत होईपर्यंत दाबून ठेवला होता. पुढे २००६ च्या नोव्हेंबरात सीडीवरच्या अशा संरक्षणातल्या सुरक्षेच्या त्रुटी तपासणाऱ्यांना तिथे खास सूट मिळाली.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या स्ट्युअर्ट बेकर यांनीही कान उपटले. त्यांचा सूर असा की संपदा तुमची असेल, पण कॉम्प्युटर तुमचा नाही, हे विसरू नका. सरकारी माणसाकडून इतकं नेमकं विधान क्वचित ऐकायला मिळतं.

कलाकारांची कुचंबणा वेगळीच. सीडीवर नाव त्यांचं, शिव्या त्यांना, आणि कुलूप घालताना विचारलं कोणी नव्हतं. स्विचफूट बँडच्या बेसवादकाने तर आपल्याच अल्बमचं कुलूप कसं चुकवायचं ते चाहत्यांना लिहून कळवलं. खुद्द कंपनीकडे कोणी तक्रार केली की आयपॉडवर गाणी जात नाहीत, तर उत्तरात सांगितलं जाई: आमच्या प्लेअरमधून साधी सीडी बर्न करा आणि ती पुन्हा रिप करा, म्हणजे तिच्यावरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवा. म्हणजे कुलूप कसं काढायचं ते कुलूपवालाच सांगतोय! मग ते घालायचं कशाला?

आता पैशाचं झटपट. टेक्सासने २१ नोव्हेंबरला आपल्या नव्या स्पायवेअरविरोधी कायद्याखाली दावा लावला, त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननेही. सामूहिक दाव्याच्या तडजोडीत गिऱ्हाइकाला बदली सीडी, आणि वर साडेसात डॉलर नि एक अल्बम किंवा तीन अल्बम डाउनलोड. २००६ च्या डिसेंबरात टेक्सास आणि कॅलिफोर्नियाला प्रत्येकी साडेसात लाख डॉलर, इतर सुमारे ४० राज्यांना मिळून साडेबेचाळीस लाख. २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मशिन दुरुस्तीसाठी दीडशे डॉलरपर्यंत भरपाई लावली. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ. खरी किंमत वेगळी मोजली गेली: २००८ च्या जानेवारीत सोनी बीएमजीनेही डीआरएम नसलेल्या एमपीथ्री विकायला काढल्या, चार बड्या कंपन्यांत सगळ्यात शेवटी. एका रूटकिटमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, अ‍ॅपलचा दबाव आणि पडती विक्री होतीच. पण सीडीला कुलूप या विषयाला मात्र त्या नोव्हेंबरातच उतरती कळा लागली.

तेव्हा तुमच्या स्ट्रीमिंगच्या मुद्द्याकडे वळतो. तिथलं डीआरएम अ‍ॅपच्या आत राहतं. अ‍ॅप काढलं की तेही जातं, तुमचा ड्राइव्ह घेऊन जात नाही. आपण गाणी भाड्याने ऐकतोय हेही बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून ओरड नाही. ओरड कुठे होते ते बघायचं असेल तर खेळांकडे बघा. कॅपकॉमने २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ च्या अपडेटबरोबर लबाडी रोखायला एक कर्नल ड्रायव्हर दिला. त्यातून कोणताही प्रोग्रॅम कर्नलच्या अधिकाराने आपला कोड चालवू शकत होता, लगोलग मागे घ्यावा लागला. गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचा लबाडीविरोधी ड्रायव्हर २०२२ मध्ये फायली ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या एका रॅन्समवेअर टोळीने अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला, तोही खेळ नसलेल्या मशिनवर नेऊन. ड्रायव्हरवर सही खरी असल्याने विंडोजने त्याला तेव्हा अडवलं नाही. एक्ससीपीचा उपसर्ग वापरणाऱ्यांचीच ही पुढची पिढी. माझा नेम आहे: खेळ किंवा गाणं कर्नलमध्ये जागा मागत असेल तर ते कामाच्या मशिनवर नको.

तुमच्या जुन्या सीडी. केसच्या कडेवर ‘कंटेंट प्रोटेक्टेड’ असं छापलेलं असेल आणि मागच्या चौकटीत एक्ससीपी किंवा सनकॉमच्या वेबसाइटचा पत्ता असेल तर ती त्यातली. चालू ६४-बिट विंडोजवर ते जुने ३२-बिटचे ड्रायव्हर चढतच नाहीत, आणि व्हिस्टापासून विंडोज विचारल्याशिवाय सीडीवरचा प्रोग्रॅम चालवत नाही. विचारलं तर नाही म्हणा आणि नेहमीच्या रिपरने गाणी उतरवा. लिनक्सवर तर काही प्रश्नच नाही. सांभाळायचं ते हौसेने जपलेल्या एक्सपीच्या मशिनला. तिथे शिफ्ट दाबून धरा, किंवा ऑटोरन बंदच करा. करार नाकारला की सुटलो असं समजू नका: मीडियामॅक्स करार दाखवायच्या आधीच डझनाहून अधिक फायली मशिनवर टाकायचं आणि नाही म्हटलं तरी त्या तिथेच राहायच्या. मशिन आधीच बाधित आहे का हे बघायचं तर एक रिकामी फाइल करा आणि नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, रोमन लिपीत ‘सिस’, पुन्हा डॉलरचं चिन्ह द्या. फाइल दिसेनाशी झाली तर एरीज आत आहे. दिसत राहिली तर निदान पडदा तरी नाही.

आपल्याकडे स्वतः घेतलेली सीडी स्वतःपुरती उतरवली तर गुन्हा होतो का, ही शंका अनेकांना असते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. त्यात संरक्षण भेदायला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने भेदलं तर. मालकाच्या परवानगीने स्वतःच्या यंत्रणेची सुरक्षा तपासणं त्यातून स्पष्ट वगळलंय, आणि कलम ५२ मध्ये खाजगी वापराला मुभा आहे. अमेरिकेच्या मानाने हे बरंच समंजस आहे. उलट बाजूने, कोणी तुमच्या मशिनमध्ये परवानगीशिवाय घातक प्रोग्रॅम घातला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ भरपाई देतं. पण तिथे कंपनीचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणेल की गिऱ्हाइकाने ‘मान्य आहे’वर क्लिक केलं होतं. म्हणून एवढं करा: असं काही सापडलं तर मशिनला फॉरमॅट मारायच्या आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा, कराराचा मजकूर जपा, आणि खरेदीची पावती फेकू नका.